घोडा स्वस्त, चंदी महाग

आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरात पहिली मोटार आली ती बहुधा दुसऱ्याच्या अंगणातून. मारुतीची पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली ती डिसेंबर १९८३ मध्ये. त्याआधी अँबॅसिडर, फियाट आणि स्टँडर्ड एवढ्यांतूनच निवड करायची आणि नंबर लागेपर्यंत वर्षानुवर्षे वाट पाहायची. ज्याला थांबणे जमत नसे तो जुनी गाडी पाही. ओळखीच्या मेकॅनिकला सोबत न्यायचे, त्याने बॉनेट उघडून कान लावायचा, मान हलवायची आणि मग घासाघीस सुरू करायची. यात धोका होता, पण बेताचा. फियाटचा क्लच गेला तर नवा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळे आणि तो बसवणारा शेजारच्याच गॅरेजात असे. जुनी गाडी म्हणजे थोडी कुरकुर, थोडा धूर आणि पुष्कळ बचत, हा हिशेब आपल्या अंगवळणी पडला तो तेव्हापासून.

आज तोच हिशेब एका अगदी निराळ्या जातीच्या गाडीला लावला जातो आहे. पुण्या-मुंबईत जुन्या आलिशान गाड्यांची दालने झाली आहेत. तिथे काचेआड दोन आसनांची, बुटकी, रुंद चाकांची स्पोर्ट्स कार उभी असते. दहा-बारा वर्षांपूर्वी जिच्याकडे पाहून नुसता उसासा टाकायचा, ती आता एखाद्या नव्या एसयूव्हीच्या किमतीत मिळते. पाहणाऱ्याला वाटते, दैव उघडले!

मी तीस वर्षे मोटार विम्याचा सर्व्हेअर म्हणून काम केले. अपघात झाला, पूर आला, आग लागली की नुकसान मोजायला जायचे, हा माझा व्यवसाय. त्यामुळे गाडी घेण्यापूर्वी लोक मला विचारतात. गेल्या वर्षी हा प्रश्न आमच्याच घरात आला. माझे भावोजी एका कारखान्याच्या टूलरूममधून छत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झाले आणि हाती आलेल्या रकमेतले बावीस लाख रुपये घालून एक तांबडी, उघड्या टपाची जर्मन गाडी घ्यायची असे त्यांनी जाहीर केले. मुले हसली. ताई हसली नाही. ती मला म्हणाली, "अरे, यांना हवी तर घेऊ देत. पण उद्या त्या गाडीनं खर्च मागितला आणि माझ्या गुडघ्यांनीही मागितला, तर आधी कोणाला द्यायचं, एवढं तू सांग."

मोह खोटा नाही

भावोजींची बाजू आधी मांडतो, कारण अशा माणसाला वेड्यात काढणे फार सोपे असते. ते म्हणाले, "छत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या इंजिनांचे भाग मायक्रॉनमध्ये मोजले. एक तरी इंजिन माझं असावं की नको?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

स्पोर्ट्स कार म्हणजे नुसता वेग, अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. माझदा कंपनीने १९८९ मध्ये एमएक्स-५ ही छोटी गाडी आणली. तिचे इंजिन १.६ लिटरचे आणि वजन टनाच्या आत. ताकद म्हणाल तर आजच्या कित्येक कुटुंबवत्सल गाड्यांत त्याहून अधिक असते. तरीही ती जगभर इतकी खपली की २०१६ मध्ये तिने दहा लाखांचा आकडा गाठला. कारण मजा आकड्यांत नव्हती. माणूस जमिनीलगत बसतो, गाडी हलकी असते, स्टिअरिंगमधून रस्त्याचा पोत हाताला कळतो आणि साठच्या वेगालाही वारा अंगावर येतो. आपल्या मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, घाटात त्याहून कमी. तेव्हा अडीचशेच्या वेगाची फुशारकी इथे निरुपयोगी. खरे सुख आहे ते वळणाचे. पहाटे ताम्हिणी घाटात ज्याने चांगली गाडी चालवली असेल त्याला हे वेगळे सांगायला नको.

किंमत उतरते, खर्च उतरत नाही

आता दुसरी बाजू. कोटीची गाडी दहा वर्षांनी पंचवीस लाखांना मिळते, म्हणून तिचा हेडलॅम्प पाव किमतीत मिळत नाही. सुटे भाग आजच्याच भावाने येतात, बहुतेक परदेशातून आणि आयात शुल्क भरून. ब्रेकच्या चकत्या, क्लच, रुंद टायर, सस्पेन्शन यांना गाडीचे वय ठाऊक नसते. घेताना जुन्या गाडीचा भाव आणि सांभाळताना नव्या गाडीचा खर्च, ही या व्यवहारातली खरी ग्यानबाची मेख.

एक प्रसिद्ध उदाहरण सांगतो. पोर्शे कंपनीने १९९६ मध्ये बॉक्स्टर आणली. आसनांच्या मागे, मागच्या चाकांच्या पुढे इंजिन. पुढेही डिकी, मागेही डिकी. आपला मेकॅनिक कौतुकाने बॉनेट उघडील तर आत सामान ठेवायची जागा! चालवायला गाडी अप्रतिम. पण तिच्या सुरुवातीच्या इंजिनांत मधल्या एका शाफ्टला आधार देणारे बेअरिंग होते. ते सगळ्याच गाड्यांत बिघडले असे नाही. पण जिथे तुटले तिथे धातूचे कण इंजिनभर पसरून सबंध इंजिन निकामी झाले. अमेरिकेत २००१ ते २००५ च्या मॉडेलांबाबत मालकांनी सामूहिक दावा लावला आणि २०१३ मध्ये तडजोड झाली. २००९ च्या मॉडेलपासून कंपनीने इंजिनच नवे केले आणि तो शाफ्टच काढून टाकला. यावरून घ्यायचा धडा एवढाच की, एका बोटाएवढ्या भागाने लाखोंचे इंजिन जाऊ शकते आणि कोणत्या वर्षीच्या गाडीत काय दुखणे आहे हे माहीत करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कंपनी इथे टिकून आहे का, हेही पाहावे. फोर्डने २०१६ मध्ये मस्टँग भारतात विकायला आणली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये इथले मोटार-उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. गाडी दणकट आहेच, पण तिच्या मालकाला सुट्या भागांसाठी आता अधिक खटपट करावी लागते.

शिवाय आपले रस्ते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. आपल्या गल्लीतला गतिरोधक कोणी आणि कोणत्या मापाने घातला हे देवच जाणे. आणि या गाडीचे पोट जमिनीपासून जेमतेम ११ ते १३ सेंटिमीटरवर! पेट्रोलचाही विचार हवा. २०२५ पर्यंत देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले, आणि जुन्या गाड्यांपैकी पुष्कळशा त्यासाठी बनवलेल्या नाहीत. महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत रबरी नळ्या आणि सील आधीच कोरडे पडलेले असतात. म्हणून 'फक्त अठरा हजार किलोमीटर चालली आहे' हे वाक्य ऐकले की मला आनंदापेक्षा शंका जास्त येते.

विम्याचे गणित

बहुतेकांना वाटते, काही झाले तर विमा आहे. इथे माझ्या धंद्यातले दोन शब्द ऐकावेत. पाच वर्षांहून जुन्या गाडीचे विमाकृत मूल्य कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवायचे असते, आणि ते बाजारभावाच्या आसपासच राहते. भाग बदलताना घसारा वजा होतो. रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी, एअरबॅग यांवर ५० टक्के. धातूच्या भागांवर गाडी पाच ते दहा वर्षांची असेल तर ४० टक्के, त्यापुढे ५० टक्के. काचेला मात्र घसारा नाही. म्हणजे दोन लाखांचा बंपर फुटला तर एक लाख आपल्या खिशातून. घसारा माफ करणारे जादा संरक्षण मिळते, पण गाडी जुनी होत गेली की कंपन्या ते सहसा देत नाहीत.

दुरुस्तीचा खर्च विमाकृत मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते. साध्या गाडीत तिथवर पोहोचायला मोठा अपघात लागतो. पंचवीस लाख मूल्याच्या पण कोटीच्या सुट्या भागांच्या गाडीत समोरून बसलेला एक बरा धक्का पुरतो. दिवे, रेडिएटर आणि एअरबॅगांची बिले जोडत गेले की चालू शकणारी गाडीही कागदावर मरते.

पावसाळ्याचे निराळेच. साचलेल्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायला गेले आणि इंजिनात पाणी ओढले गेले, तर ते नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही. त्यासाठी इंजिनाचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते. बुटक्या गाडीला पाणी लवकर गाठते, हे विसरू नये.

गाडी नव्हे, तिचा इतिहास घ्यावा

मग पारखायचे कसे? चकाकी पाहू नये, कागद पाहावेत. प्रत्येक सर्व्हिसचे बिल, त्यावरची तारीख आणि किलोमीटर. परिवहन खात्याच्या नोंदीत आधीचे मालक किती, बँकेचा बोजा आहे का, दंड थकले आहेत का. परराज्यातील गाडी असेल तर तिथल्या आरटीओचे ना-हरकत पत्र आणि महाराष्ट्रात भरावा लागणारा कर आधी मोजावा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि पर्यावरण कर. व्यवहार झाल्यावर चौदा दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज करावा. विकणाऱ्याचा नो-क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, गाडीबरोबर नाही. आणि विकणाऱ्यालाही सांगणे आहे: नोंदणीत ज्याचे नाव तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

गाडीपाशी गेल्यावर टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचावेत. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी जुना टायर कडक झालेला असतो. रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र मिळते. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. एखाद्या दारावर आकडा एकदम कित्येक शेकड्यांत गेला तर आत पुट्टी आहे असे समजावे. आणि सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर मी पाण्यातून काढलेल्या गाड्याच गाड्या पाहिल्या. गालिचे बदलता येतात, आसने धुता येतात. पट्ट्याच्या गुंडाळीत अडकलेला गाळ मात्र सहसा कोणी काढत नाही.

भावोजींच्या तांबड्या गाडीचा पट्टा मी असाच ओढला. शेवटच्या वीतभर भागावर मातीची रेघ होती आणि सीटखालच्या रुळांवर गंज. भावोजींनी खाली वाकून स्वतः बोट फिरवले. मायक्रॉन मोजणाऱ्या माणसाला आणखी काही सांगावे लागले नाही. आम्ही चहा घेऊन निघालो.

पण हौस संपली नाही, आणि ताईनेही ती संपवली नाही. तिने फक्त रकमेचे दोन भाग केले. बावीसपैकी आठ लाख आधी मुदत ठेवीत, गाडीचा फंड म्हणून; सात टक्के व्याज धरले तर वर्षाला छप्पन्न हजार. विमा आणि नेहमीची देखभाल व्याजातून, मोठे दुखणे निघाले तर मुद्दलातून, आणि मुद्दल संपले की गाडी विकायची. औषधपाण्याच्या पैशाला हात लावायचा नाही. घरची जुनी छोटी गाडी राहणारच, कारण भाजीला आणि डॉक्टरांकडे तीच जाणार. उरलेल्या चौदा लाखांत त्या थाटाची गाडी बसत नाही. सध्या भावोजी त्याहून साधी, पण कागद पुरे असलेली गाडी शोधत आहेत आणि प्रत्येक जाहिरातीतल्या गाडीची दुखणी वहीत लिहून ठेवत आहेत. त्यातही त्यांचा वेळ मजेत जातो.

माझे मत विचाराल तर असे आहे. जुनी स्पोर्ट्स कार ही बचत नव्हे, गुंतवणूक तर नव्हेच. ती हौस आहे. आणि हौसेची किंमत हौस म्हणूनच मोजावी. कर्ज काढून, लग्नाचे किंवा शिक्षणाचे पैसे वळवून, घरातली एकुलती एक गाडी म्हणून ती घेऊ नये. पण किमतीच्या निम्मी रक्कम बाजूला ठेवूनही जमत असेल, अनुभवी माणसाने गाडी उचलून खालून तपासली असेल आणि उद्या ते सगळे पैसे बुडाले तरी घरात कोणाचे औषध किंवा कोणाची फी अडणार नसेल, तर लोक काय म्हणतील याची पर्वा न करता खुशाल घ्यावी. पूर्वीचे लोक घोडा घेताना त्याचे दात पाहत, तसे आपल्या घरातले चंदीचे कोठारही पाहत. दात पाहून देणारे सल्लागार पुष्कळ मिळतात. कोठार मात्र आपले आपणच पाहायचे असते.