हेडमध्ये तुटलेला स्टड

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात दुरुस्तीला येणाऱ्या ट्रॅक्टरच्या हेडमध्ये सगळ्यात जास्त छळतो तो एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा स्टड. इंजिन तापतं, निवतं, पुन्हा तापतं, आणि आट्यांत गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. आट्यांच्या फटीत तो फुगला की नट आणि स्टड एकमेकांना सोडत नाहीत. मग कुणीतरी पान्याला पाइप लावून जोर करतो आणि स्टड मोडतो.

मी हे काम जवळून पाहिलं त्या गाळ्यातले मिस्त्री आधी पान्याला हातच लावत नाहीत. वायर ब्रशने घासायचं, डिझेल सोडायचं, हातोडीचे हलके ठोके द्यायचे आणि रात्रभर तसंच ठेवायचं. ठोक्यांनी गंजाला तडे जातात, त्यातून डिझेल आत झिरपतं. गिऱ्हाईक घाई करतं, मिस्त्री बधत नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तुटक्या बुंध्यावर नट ठेवून भोकातून वेल्डिंग केलं. नटामुळे पाना लावायला जागा मिळते, पण खरं काम उष्णतेचं. तापलेला स्टड फुगू पाहतो, भोवतालचं हेडचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, त्याला फुगू देत नाही. निवताना तो आकसतो आणि गंजाची पकड सुटते. नटाची लाली गेल्यावर पाना लागला, आधी किंचित आवळायच्या बाजूला. मग जरासं सैल, पुन्हा मागे, वर थोडं तेल. सगळं कसब मला इथेच दिसतं. मोडायला आलेला स्टड स्प्रिंगसारखा ताण देतो. सुटणारा जड पण सलग फिरतो. हा फरक मनगटालाच कळतो.

दुसरा स्टड आत खोल मोडलेला होता, तिथे ड्रिलशिवाय गत्यंतर नव्हतं. १० मिलिमीटरचा, दीड मिलिमीटर पिचचा. बरोबर मध्यावर सेंटर पंच, मग बारीक ड्रिलपासून टप्प्याटप्प्याने ८.५ मिलिमीटरपर्यंत. मध्य मिलिमीटरभर चुकला तरी ड्रिल बीडाचे आटे खातं. शेवटी उरलेली लोखंडाची साल उचकटून टॅप फिरवला.

तुटका स्टड भोक पाडून उलटा फिरवून काढायचं हत्यार म्हणजे इझी-आउट. ते शिकाऊ पोराच्या हाती देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. त्याचं कडक पोलाद आत मोडलं तर साधं ड्रिल त्याला कापत नाही आणि हेड स्पार्क इरोजनवाल्याकडे, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू कोरणाऱ्याकडे, न्यावं लागतं.

हेड बसवताना नवे स्टड आणि आट्यांना कॉपर ग्रीस आग्रहाने मागून घ्या. तुटका स्टड काढण्याच्या मजुरीपुढे तो खर्च काहीच नाही.