नोंदवहीतून सुटले, दाखल्यावर अडले

गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभरातून गेला. मुंबई राज्याने तो १९४९मध्येच मोडीत काढला होता. पारधी, कैकाडी अशा जमातींचे कार्यकर्ते ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. आपलं स्वातंत्र्य पंधरा ऑगस्टनंतर पाच वर्षांनी आलं, असं ते म्हणतात आणि देशाचा हिशेब धरला तर ते खोटं नाही.

या कायद्याने जमातीच्या जमाती नोंदवहीत चढवल्या. बोटांचे ठसे घेतले, हजेरी लावली, परवानगीवाचून गाव सोडायला बंदी केली. मुलांची तरतूद तर आणखी कठोर. १९२४च्या कायद्यात सरकारला सहा ते अठरा वर्षांची मुलं आईबापांपासून काढून सुधारशाळेत ठेवता येत होती. मुलाने काही केलेलं असायची गरज नव्हती, बाप कोण एवढं पुरे. या जमातींना कोंडून ठेवणारी सोलापूरची काटेरी तारांतली वसाहत काही काळ अमेरिकन मराठी मिशनने चालवली. त्या तारा गेल्या, तरी सोलापुरात ‘सेटलमेंट’ हे नाव आजही चालतं.

मग राज्यघटना आली आणि पुढे शाळा सक्तीच्या कोंडवाड्याऐवजी मुलाचा हक्क झाली. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. योगायोग असा, की त्याचंही वय सहापासूनच सुरू होतं. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. त्यामुळे कर्जत, श्रीगोंदा, जामखेडकडच्या गायरानात पाल टाकलेल्या पारध्याचं पोर पहिलीत बसू शकतं. गुरुजींनी मनावर घेतलं तर टिकतंही.

अडतं ते पुढे, जातीच्या दाखल्यापाशी. फासेपारधी अनुसूचित जमातीत आहेत, त्यांना ६ सप्टेंबर १९५० आधीचा पुरावा लागतो. पाल पारधी आणि राज पारधी विमुक्त जातीत, त्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आधीचा. आता पालातली प्लास्टिकची पिशवी उघडून पाहा. आधार, रेशनकार्ड, धाकटीचं लसीकरणाचं कार्ड, कधी शाळेची गुणपत्रिका. यातला सगळ्यात जुना कागददेखील याच शतकातला. आजोबा शाळेत गेलेले नाहीत, त्यांच्या नावावर शेत नाही की घर नाही. तलाठ्याने शोधायचं तरी काय? कागद नसेल तर गृहचौकशीची सोय आहे, पण ती करायला कोणी पालापर्यंत यावं लागतं, आणि तोवर पाल दुसऱ्या गावाला गेलेलं असतं.

दुसरा जाच पोलिसांचा. कुठेही चोरी झाली की पहिली गाडी आपल्याकडेच येते, ही पालावरची जुनी तक्रार. जुना कायदा गेला, पण १९५९मध्ये मुंबईचा सराईत गुन्हेगार कायदा आला आणि संशयाला नवं घर मिळालं. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४मध्ये दिल्ली पोलिसांच्या एका प्रकरणात हिस्ट्रीशीटमध्ये अल्पवयीन नातेवाइकांची माहिती घालण्याचा प्रश्न हाताळला आणि राज्यांनाही आपले नियम तपासायला सांगितलं. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला तुरुंगातल्या जातिभेदावर निकाल देताना विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये, असंही बजावलं. हे आदेश दिल्लीहून तालुक्याच्या ठाण्यात पोचायला किती वेळ लागतो, हे मात्र निकालात लिहिलेलं नसतं.

माझा मुख्य आक्षेप दाखल्याच्या कायद्यावर आहे. २००१पासून लागू असलेल्या राज्याच्या जात प्रमाणपत्र कायद्यात जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे. ज्याची वंशावळ सरकारने कधी लिहिलीच नाही, त्याच्याबाबतीत हे निदान समजण्यासारखं. पण इथे उलट आहे. या लोकांचं नाव, जमात, हाताचे ठसे, मुक्कामाचं गाव, सगळं सरकारनेच लिहून ठेवलं होतं. त्या जुन्या दप्तरांपैकी जे अभिलेखागारांत आणि ठाण्यांच्या कपाटांत उरलं असेल, ते शोधून जात पडताळणी समितीपुढे ठेवण्याचं काम बारावी झालेल्या पोराच्या अशिक्षित बापाचं नाही. ते जिल्हाधिकारी कार्यालयाचं आहे.