रिफंडचा ई-मेल? पत्त्याचा शेवट पाहा
जुलैत आयकराचे रिटर्न भरले की रिफंडची वाट पाहणे सुरू होते. फसवे ई-मेल नेमके तेव्हाच येतात. बाबांना आलेल्या ई-मेलवर विभागाचे बोधचिन्ह होते, भाषा सरकारी होती आणि मुदत २४ तासांची. ते कार्डाचा पिन टाकणारच होते. मी लिंक पाहिली: सुरुवातीला ‘इन्कमटॅक्स’, शेवटी भलतेच नाव.

सुरुवातीला कोणीही काहीही लिहू शकतो. मालक शेवटावरून कळतो. पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या लगेच आधी ‘जीओव्ही डॉट इन’ नसेल, तर ते संकेतस्थळ आयकर विभागाचे नव्हे. विभाग ई-मेलवर पिन मागत नाही. रिफंड थेट पडताळलेल्या बँक खात्यात जमा होतो.

पैसे गेलेच, तर लाजत बसू नका. लगेच १९३० वर फोन करा. घरातल्या मोठ्यांना हे आजच दाखवा.