मोटारीने सांगितलेले साल

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरी भिंतीवर किंवा ट्रंकेच्या तळाशी एखादे जुने छायाचित्र असेलच. त्यात मोटार दिसत असेल तर ते जपून ठेवा. मोटारीवर तिचे साल लिहिलेले नसते, पण तिच्या अंगावरच्या खुणांवरून ते बरेचसे ठरवता येते.

पनवेलला आमच्या शेजारची नववीतली एक मुलगी गेल्या पावसाळ्यात असेच एक छायाचित्र घेऊन आली. कापडी टप मागे दुमडलेली एक मोटार, आणि मडगार्डवर हात ठेवून उभे असलेले लांब कोट व काळी टोपी घातलेले एक गृहस्थ. चित्रामागे लिहिले होते, 'पनवेल, १९२४'. मुलीची आजी सांगे की हे तिचे आजोबा. त्यांचे दुसरे एकही छायाचित्र घरात नव्हते. मुलीचा प्रश्न साधा होता, "सर, ही गाडी कोणती?"

उत्तर शोधायला चौघे बसलो : ती मुलगी, तिचा अकरावीतला भाऊ, जुन्या मोटारींचे वेड असलेले माझे एक मित्र आणि मी. वाद चार संध्याकाळी चालला.

पट्टीने काय सांगितले?

गाडी फोर्ड आहे यावर मित्राची पहिल्या मिनिटातच खात्री पटली. पण फोर्ड कोणती? 'मॉडेल टी' १९०८ ते १९२७ या काळात तयार झाली; तिच्या दीड कोटी गाड्या रस्त्यावर आल्या. तिच्या जागी आलेली 'मॉडेल ए' लोकांना प्रथम दिसली ती २ डिसेंबर १९२७ रोजी. म्हणजे गाडी 'टी' असेल तर मागचे १९२४ साल खरे असू शकते. 'ए' असेल तर ते चूक.

मुलाने पट्टी काढली. पुढच्या आणि मागच्या आसांमधील अंतर 'टी'मध्ये १०० इंच, तर 'ए'मध्ये साडेएकशेतीन इंच असते. छायाचित्रावर इंच मोजून उपयोग नाही, कारण चित्र लहान झालेले असते. पण गुणोत्तर बदलत नाही. दोन्ही गाड्यांच्या चाकांचा टायरसह व्यास सुमारे ३० इंच. म्हणून आसांतील अंतराला व्यासाने भागले, तर 'टी'साठी ३.३३ आणि 'ए'साठी ३.४५ यायला हवे.

आता तुम्ही म्हणाल, गाडी तिरपी उभी असेल तर? मग आसांतील अंतर आखडलेले दिसेल. खरे आहे. पण त्याच वेळी गोल चाकही लंबवर्तुळासारखे दिसते, आणि त्याची आडवी रुंदी त्याच प्रमाणात आखडते. म्हणून चाकाची उंची न मोजता आडवी रुंदी मोजा. तिरपेपणा भागाकारातून निघून जातो. एका पुठ्ठ्यावर एकाच रेषेत दोन सारखी वर्तुळे काढा, तो थोडा फिरवून दुरून त्याचे छायाचित्र घ्या आणि मोजून पाहा. कॅमेरा फार जवळ नेलात तर मात्र जवळचे चाक मोठे व लांबचे लहान येईल आणि हिशेब बिघडेल.

आमच्या चित्रात आसांतील अंतर ५२ मिलिमीटर आणि चाकाची रुंदी साडेपंधरा मिलिमीटर भरली. गुणोत्तर आले ३.३५. "टीच!" मुलगा ओरडला. पण पट्टीने रुंदी मोजताना अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होतोच. रुंदी १५ धरली तर उत्तर ३.४७ येते, १६ धरली तर ३.२५. दोन्ही गाड्या या मर्यादेत बसतात! मोजमापाबरोबर त्याची त्रुटीही लिहावी असे प्रयोगशाळेत आम्ही का बजावतो, ते त्याला त्या संध्याकाळी पटले.

सर्वांत नवा भाग शोधा

मग नियम ठरवला : गाडीवरच्या सर्वांत नव्या भागाहून छायाचित्र जुने असू शकत नाही. भिंग घेऊन एकेक भाग तपासू लागलो.

चाकांना लाकडी आऱ्यांऐवजी तारांच्या आऱ्या होत्या. पण शेवटच्या एकदोन वर्षांत 'टी'लाही तारांची चाके मिळत. पुढे दोन पट्ट्यांचा बंपर होता. पण बंपर मागाहूनही बसवता येतो. हे दोन्ही पुरावे मुलाने उडवून लावले, आणि ते योग्यच होते.

तिसरी खूण मुलीला दिसली. पुढच्या चाकाच्या आऱ्यांमागे एक गोल डबा होता : ब्रेकचा ड्रम. कारखान्यातून निघणाऱ्या 'टी'च्या पुढच्या चाकांना ब्रेक नसत. 'ए'च्या चारही चाकांना असत. चौथी खूण रेडिएटरची. त्याच्या चकचकीत चौकटीची वरची कड मध्यभागी खाली झुकलेली होती. ही 'ए'ची ओळख. आता मुलगाही गप्प झाला.

पट्टी मात्र अगदीच वाया गेली नाही. १९३० व १९३१ च्या 'ए'ची चाके लहान, टायरसह सुमारे साडेअठ्ठावीस इंच. त्यांचे गुणोत्तर ३.६३ येते, आणि ते आमच्या मर्यादेच्या बाहेर आहे. म्हणजे गाडी १९२८-२९ ची. छायाचित्र मात्र त्यानंतर कधीचेही असू शकते. जुनी गाडी वीस वर्षांनीही रस्त्यावर उभी असते. मोटार फक्त 'याच्या आधीचे नाही' एवढेच सांगते.

मागे लिहिलेल्या सालाचे काय?

अशी चूक मोठ्यांकडूनही झाली आहे. झाक-आँरी लार्तिग या फ्रेंच छायाचित्रकाराचे शर्यतीच्या मोटारीचे एक चित्र जगप्रसिद्ध आहे. त्यात चाक पुढे झुकलेले, लांबट दिसते. कॅमेऱ्याच्या पडद्यातील फट सरकत असताना चाकाचा खालचा भाग आधी टिपला गेला आणि वरचा भाग टिपेपर्यंत गाडी पुढे गेली होती. (धावत्या गाडीला म्हणूनच आपली पट्टी लावू नये.) ते चित्र अनेक वर्षे १९१२ च्या ग्रां प्री शर्यतीचे म्हणून छापले जाई. पुढे मोटारींच्या अभ्यासकांनी गाडीची ठेवण आणि तिच्यावरचा ६ हा आकडा पडताळून दाखवले की ती १९१३ च्या शर्यतीतली श्नायडर गाडी आहे.

आमच्या चित्रामागचा मजकूर बॉलपेनने लिहिलेला होता. बॉलपेन बाजारात आले ते १९४५ च्या सुमारास. म्हणजे ते साल कोणीतरी निदान वीस वर्षांनंतर, आठवणीने लिहिले होते.

अवघड भाग पुढेच होता. आजीचे आजोबा १९२६ साली वारले, असे नगरपालिकेचा दाखला सांगत होता. ते या गाडीशेजारी उभे असणे शक्यच नव्हते. आजीला हे सांगायचे कसे? सांगू नये, असे मुलाचे मत पडले. मुलगी म्हणाली, "आजीनेच विचारायला पाठवलं होतं." तेव्हा आम्ही गेलो, आणि एकेक खूण भिंगातून तिला दाखवली.

आजी बराच वेळ चित्राकडे पाहत राहिली. "मग हे कोण?" तिने विचारले.

"ते मोटार सांगत नाही, आजी," मी म्हणालो. गाडीही घरची होती की नाही, कोण जाणे. वाशीचा खाडीपूल १९७३ साली झाला. त्याआधी मुंबईहून पुण्याचा रस्ता ठाणे-मुंब्रा करून पनवेलवरून बोरघाटाकडे जाई. वाटेत थांबलेल्या परक्या गाडीशेजारी उभे राहूनही कोणी चित्र काढून घेतले असेल.

"नाक तर आमच्याच घरातलं आहे," आजी म्हणाली. तिने चित्र पुन्हा खिळ्याला लावायला सांगितले. त्याआधी नातीने मऊ पेन्सिलीने मागे लिहिले : 'पनवेल? १९२८ किंवा नंतर. गाडी फोर्ड मॉडेल ए. व्यक्ती घरातली असावी, नाव माहीत नाही.' जुने १९२४ तिने खोडले नाही.

मित्रांनो, आज घरी गेल्यावर दोन कामे करा. जुन्या चित्रात मोटार असेल तर तिचा सर्वांत नवा भाग शोधा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना चित्रातली नावे आजच विचारून लिहून ठेवा. मोटारीचे साल शंभर वर्षांनीही शोधता येते. माणसाचे नाव सांगणारे कोणी उरले नाही, तर ते शोधून काढणे फार अवघड.