बाई, गोळ्या वाटू का?

आमच्या वर्गात मॉनिटरची निवडणूक होती. सकाळीच एका मुलाने दप्तरातून लिमलेटच्या गोळ्यांची पुडी काढली आणि हळूच विचारलं, "बाई, वाटू का?" मी पुडी कपाटात ठेवली आणि वर्गाला एक खरी गोष्ट सांगितली. तीच तुम्हालाही सांगते.

अमेरिकेत तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. व्हर्जिनिया ही त्यांची एक वसाहत. तिथे १६१९पासून निवडून आलेल्या सभासदांची सभा भरत असे. मताचा हक्क मात्र जमीन असलेल्या गोऱ्या पुरुषांनाच! बायकांना नाही, गुलामांना तर नाहीच.

१७५५मध्ये इथल्या फ्रेडरिक परगण्यातून एक तरुण उभा राहिला. त्याला जेमतेम ४० मतं पडली. त्याचं नाव जॉर्ज वॉशिंग्टन. हो, पुढे अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले तेच!

१७५८मध्ये ते पुन्हा उभे राहिले. स्वतः लष्करात, दूर सरहद्दीवर. प्रचार केला मित्रांनी. कसा? रम, वाइन, बिअर मिळून तब्बल १६० गॅलन, म्हणजे सुमारे ६०० लिटर पेयं मतदारांना पाजून! वॉशिंग्टन निवडून आले. गंमत म्हणजे मतांसाठी असं खाऊपिऊ घालायला कायद्याने आधीपासूनच बंदी होती.

आणखी एक गोष्ट. तिथे मत गुप्त नसे. मतदार सर्वांदेखत मोठ्याने नाव सांगायचा, कारकून ते लिहून घ्यायचा. समोर बसलेला उमेदवार लगेच आभार मानायचा. आता सांगा, ज्याचं प्यायलं, त्याच्या तोंडावर 'नाही' कसं म्हणायचं?

१७७६मध्ये अमेरिकेने स्वातंत्र्य जाहीर केलं. पण रीत तीच राहिली. पुढच्याच वर्षी २६ वर्षांच्या जेम्स मॅडिसनने ठरवलं, मतांसाठी मी कुणाला दारू पाजणार नाही. तो चक्क हरला! पण खचला नाही. पुढे अमेरिकेची राज्यघटना घडवण्यात त्याचा मोठा वाटा होता, आणि तो चौथा राष्ट्राध्यक्षही झाला.

गोष्ट संपली. आम्ही चिठ्ठ्यांवर नावं लिहून, घडी घालून डब्यात टाकली. गोळ्यांवाला मुलगा दोन मतांनी पडला. थोडा हिरमुसला, मग म्हणाला, "बाई, आता वाटू का?"

आता मात्र मी 'हो' म्हटलं. का बरं? आज घरी आईबाबांना हेच विचारा.