कोपराचें दुखणें व छाटणीचा हंगाम

नाशिक व सांगली या बाजूंच्या द्राक्षबागांत वर्षांतून दोन वेळां, एप्रिलांत खरड छाटणीस व ऑक्टोबरांत गोडी छाटणीस, कात्री दिवसचे दिवस चालते. हीं कामें फार पुढें ढकलतां येत नाहींत. आणि नेमक्या त्याच वेळीं कित्येकांचा कोपर बाहेरच्या बाजूनें ठणकूं लागतो. कळशी उचलवत नाहीं, ओलें फडकें पिळवत नाहीं, कुलपांत किल्ली फिरवितांना कळ येते. कोयता व खुरपें चालविणारांसहि हेंच होतें. इंग्लंडांत १८८२ सालीं हेन्री मॉरिस यांनीं याचा संबंध टेनिसच्या खेळाशीं लावला, व पुढें ‘टेनिस एल्बो’ हें नांव रूढ झालें. वस्तुतः हा विकार जडलेल्या बहुतेकांनीं टेनिसची बॅट कधीं हातीं धरलेली नसते.

दुखणें सांध्याचें नव्हे. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंची कंडरा कोपराच्या बाहेरील हाडास चिकटलेली असते. कात्री दाबतांना बोटें मिटतात, पण मनगट स्थिर राखण्याचा भार या कंडरेवर पडतो. भरून येण्यास अवकाश न मिळतां तोच ताण हजारों वेळां पडला म्हणजे तिचे तंतु विस्कटतात. जुन्या दुखण्यांत दाह फारसा उरलेला नसतो.

म्हणूनच छाटणीच्या तोंडावर स्टेरॉइडचें इंजेक्शन टोंचून घेण्याची जी चाल पडली आहे, ती आम्हांस घातक वाटते. चार-सहा आठवडे आराम पडतो खरा. परंतु ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन येथील १६५ रोग्यांवरील प्रयोगांत (प्रसिद्धि २०१३) हें इंजेक्शन घेतलेल्यांपैकीं शेंकडा ५४ जणांचें दुखणें वर्षाच्या आंत उलटलें. औषध नसलेलें इंजेक्शन घेतलेल्यांत हें प्रमाण शेंकडा १२ होतें.

कंडरेस बळ येतें तें बेताबेतानें वाढविलेल्या भारानें. पुढचा हात मेजावर टेकवून तळवा खालीं व मनगट कडेबाहेर ठेवावें. मुठींत सुमारें अर्धा किलो वजन धरावें. पाण्यानें भरलेली लहान बाटली चालेल. दुसऱ्या हाताच्या मदतीनें मनगट वर आणावें व मदत काढून, पांच आंकडे मोजीपर्यंत, सावकाश खालीं सोडावें. असें पंधरा वेळां, मध्यें थांबून तीन पाळ्या, दिवसांतून एकदां. थोडें दुखलें तर भिऊं नये. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ठणका वाढलेला आढळल्यास मात्र वजन कमी करावें. दुखणें तीव्र असल्यास प्रथम मनगट न हलवितां वजन अर्धें मिनिट नुसतें धरून ठेवावें. गुण येण्यास सहा ते बारा आठवडे लागतात, सबब ऑक्टोबरच्या छाटणीसाठीं आरंभ जुलैंतच करावयास हवा. एकदोन वेळां फिजिओथेरपिस्टकडून पद्धत तपासून घ्यावी हें बरें.

हंगामांतच दुखूं लागल्यास हात गळ्यांत बांधून बसण्याचें कारण नाहीं. कात्रीस धार लावावी. बोथट पात्यास अधिक जोर लागतो. मूठ हातास बेताची असावी. कोपराखालीं दोन बोटें सोडून पट्टा बांधावा, वजन तळवा वर करून उचलावें, व मजुरांसहि तासातासानें छाटणीवरून काड्या वेंचण्यावर आलटूनपालटून घालावें.

करंगळी व तिच्या शेजारचें बोट बधिर होणें, पडल्यानंतर कोपर सरळ न होणें, अथवा सांधा सुजून ताप येणें, हीं लक्षणें निराळ्या विकारांचीं आहेत. त्यांत व्यायाम न करतां तत्काळ डॉक्टरांकडे जावें.