देश नसलेल्यांचा पासपोर्ट

१९१४ च्या आधी युरोपातला बराचसा प्रवास पासपोर्टाविना होत असे, हे आज सांगूनही पटत नाही. तिकीट काढायचं आणि गाडीत बसायचं. महायुद्धात सरहद्दींवर पहारे बसले, ते युद्ध संपलं तरी उठले नाहीत. त्याच सुमारास रशियातल्या यादवीने लाखो माणसं देशाबाहेर फेकली. नोव्हेंबर १९२० मध्ये क्रिमियातून सुमारे दीड लाख लोक जहाजं भरभरून कॉन्स्टॅन्टिनोपलच्या दिशेने निघाले. वर्षभराने लेनिनच्या सरकारने अशा परागंदांचं नागरिकत्व एका फर्मानासरशी काढून घेतलं. माणूस धडधाकट, पण कुठल्याच सरकारच्या दप्तरी त्याचं नाव नाही! कामासाठी शेजारच्या देशात जावं तर प्रवेश नाही, हाकलून द्यावं तर घेणारं कुणी नाही.

राष्ट्रसंघाने हा गुंता सोपवला नॉर्वेच्या फ्रित्यॉफ नान्सेन यांच्याकडे. शिक्षणाने प्राणिशास्त्रज्ञ, वृत्तीने ध्रुवीय भटक्या. १८९३ मध्ये या गृहस्थांनी ‘फ्राम’ हे आपलं जहाज मुद्दाम बर्फात अडकवून घेतलं होतं. बर्फ प्रवाहाबरोबर सरकेल आणि जहाजालाही नेईल, असा त्यांचा हिशेब. निर्वासितांच्या बाबतीतही त्यांनी तेच केलं, असं मला वाटतं. सरहद्दी मोडायला ते गेलेच नाहीत. सरकारांना कागद हवा ना, मग कागदच देऊ!

जुलै १९२२ मध्ये जिनिव्हात तो कागद ठरला. साधा एका पानाचा दाखला. निर्वासित जिथे राहतो तिथल्या सरकारने तो द्यायचा आणि इतरांनी मानायचा. पुढे पन्नासहून अधिक सरकारांनी तो मानला. गंमत म्हणजे, सुरुवातीला या दाखल्यावर देशाबाहेर पडता येई, पण परत घेण्याची हमी नसे. ती उणीव १९२६ च्या करारात बरीचशी भरून निघाली. त्याच करारात एक नामी युक्ती होती: पाच सुवर्ण फ्रँकचं ‘नान्सेन तिकीट’. ऐपत असलेल्याने ते विकत घेऊन दाखल्यावर चिकटवायचं आणि त्या पैशातून गरजू निर्वासितांना मदत व्हायची. यातल्या काही तिकिटांवर खुद्द नान्सेन यांचा मिशाळ चेहरा दिसतो.

असे साडेचार लाखांच्या आसपास दाखले निघाले. संगीतकार स्ट्राविन्स्की, चित्रकार शागाल, लेखक नाबोकोव्ह हे सगळे यावरच हिंडले. नाबोकोव्हने मात्र आत्मचरित्रात त्याच्या हिरव्या रंगालाही नाकं मुरडली आहेत. रास्तच आहे, खिडकीपलीकडच्या कारकुनाच्या लेखी हा दाखलेवाला संशयितच असे.

प्रत्येकाला नागरिकत्वाचा हक्क आहे, असं संयुक्त राष्ट्रांनी १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात पंधराव्या कलमात लिहिलं. निर्वासितांच्या प्रवासकागदाची तरतूद १९५१ च्या करारात आली. त्यावर भारताची सही नाही. तरीही इथल्या तिबेटी निर्वासितांना परदेशी जाण्यासाठी आपलं सरकार एक पिवळी ओळखपुस्तिका देतं. ती हातात घेऊन बुचकळ्यात पडणारे विमानतळावरचे अधिकारी आजही भेटतात.